द्वादशीचं अजीर्ण

माझ्या सासऱ्यांना आजवर अकरा वेळा हार्ट अटॅक आला. अकराही वेळा तो द्वादशीच्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान आला, आणि अकराही वेळा बीदरच्या डॉक्टरांनी ईसीजीची लांब पट्टी डोळ्यांसमोर धरून 'गॅस आहे' एवढंच सांगून त्यांना घरी पाठवलं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. मामांचं नाव अच्युतराव. हुमनाबादच्या तहसील कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, मग चिटगुप्प्यात घर बांधून राहिले. 'गॅस' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. त्यांनी ज्यांच्या हाताखाली काम केलं ते दोन तहसीलदार हार्टनं वारले, एक साहेब बायपास करून आले आणि पुढे बढती घेऊन गेले. हृदयविकार हा हुद्द्याबरोबर येणारा आजार आहे, अशी त्यांची पक्की समजूत. गॅस शिपायाला होतो. चाळीस वर्षं सरकारी शिक्का मारलेल्या माणसाला गॅस झाला म्हणणं म्हणजे त्याची नोकरीच खोटी ठरवणं.

हे द्वादशीलाच का होतं, ते सांगते. आम्ही माध्व, कडक वैष्णव ब्राह्मण. दशमीला एकदाच जेवायचं, एकादशीला पाण्याचा थेंबही नाही, आणि द्वादशीला सकाळी द्वादशी संपायच्या आत पारणं सोडायचं. मामा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. त्रेचाळीस तासांच्या रिकाम्या पोटात ते सकाळी सातला हादग्याच्या पाल्याची भाजी, मुगाचं वरण, आवळ्याची चटणी, भात, खीर आणि मोजून सात वडे घालतात. वर 'द्वादशीचं अन्न बाधत नाही' असंही म्हणतात. मग डाव्या कुशीवर पडतात. नऊ वाजता छातीवर हात येतो.

हात आला की घरात धावपळ. शेजारचा काशप्पा त्याची गाडी काढतो. एरवी तो मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर प्रवासी भरतो, पण द्वादशीला सकाळी नऊनंतर लांबचं भाडंच घेत नाही. माझा नवरा संकर्षण रजा टाकतो. बीदरला जायचं, पट्टी काढायची, गॅस ऐकायचं, परत यायचं. घरी आल्यावर मामा पट्टी एका निळ्या फाईलला लावतात. फाईलवर लाल शाईत 'हृदय' असं लिहिलं आहे.

आत्या म्हणायच्या, "दवाखान्यातून आले की ह्यांना भूक मात्र चांगली लागतीय."

आत्या म्हणजे नलिनीबाई. राजेश्वरच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या, आता सहासष्ट. ह्या सगळ्या गोष्टीत त्या कुठं होत्या असं कुणी विचारलं, तर स्वयंपाकघरात होत्या. एकादशी त्याही तशीच करत. फरक एवढाच की द्वादशीला मामा पाचला उठत आणि आत्या साडेतीनला. थंड पाण्यानं डोक्यावरून अंघोळ, सोवळ्याचं लुगडं, आणि आठ पदार्थ. चिंच त्या दिवशी चालत नाही, म्हणून लिंबू पिळायचं, हेसुद्धा सत्तेचाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता. तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती, माझी तर नव्हतीच.

मी भार्गवी, त्यांची सून. इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. दहावीचं रक्ताभिसरण दरवर्षी माझ्याच वाट्याला येतं.

आमच्या घरात दुखण्यांची एक वाटणी होती. कुणी लिहून ठेवली नव्हती, पण सगळे पाळत. छाती पुरुषांची, पोट बायकांचं. मामांना छातीत कळ आली की ती छातीतच असायची. आत्यांना तिथंच कळ आली की ती पोटातून वर चढलेली असायची. त्यांच्या माहेरीही हीच पद्धत. आत्यांचे वडील जेवून उठले, पोटात कळ आली म्हणाले, सोडा प्याले आणि ओसरीवर बसल्या बसल्या गेले. जेवणात वांगं होतं. त्याला पन्नास वर्षं झाली. राजेश्वरच्या त्या घरात अजून वांगं शिजत नाही. हृदय नावाची वस्तू त्या माणसाच्या अंगात होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मामांकडे मात्र शास्त्र होतं. कुठल्याशा आरोग्य पुरवणीत त्यांना एक तक्ता सापडला होता, 'हृदयविकार की अपचन?' असा. दोन रकाने, एकात हृदयाची लक्षणं, दुसऱ्यात पोटाची. तक्ता चांगलाच होता. जेवणानंतर जळजळ, आंबट ढेकर, आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, हे बहुधा पोटाचं. छातीवर दाब, हातात, पाठीत किंवा जबड्यात पसरणारं दुखणं, घाम, दम, हे हृदयाचं. शेवटी एक ओळ होती की बायकांमध्ये ही लक्षणं वेगळी दिसू शकतात. मामांनी सगळा तक्ता वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेतला, आणि कचेरीतल्या सवयीनं त्यात 'शेरा' हा तिसरा रकाना वाढवला. शेवटची ओळ उतरवायची राहिली. पानावर जागा नव्हती म्हणे.

गेल्या पुष्यातली, म्हणजे पौषातली, द्वादशी होती. पंचांगात ती सात वाजून बावीस मिनिटांनी संपत होती. म्हणजे सूर्य उगवल्यावर जेमतेम अर्धा तास. पहाटे पाचला स्वयंपाकघरातून पळी पडल्याचा आवाज आला. आत्यांच्या हातून पळी पडत नाही, म्हणून मी उठले.

त्या पाटावर बसल्या होत्या, पाठ भिंतीला टेकलेली. मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिले. सोवळ्यातल्या बाईला पारोशा माणसानं शिवायचं नाही, आणि मी अंथरुणातून उठून आलेली.

"आत्या, काय झालं?"

"काई न्हाई गं. पळी निसटली."

"घाम कामून आलाय एवढा?"

"गॅसपशी बसलेय की."

शेगडी पेटलेली नव्हती. चिटगुप्प्यात पुष्यात पहाटे स्वेटर घालूनही दात वाजतात. आत्यांचं कपाळ, गळा, मनगटं, सगळं भिजलेलं होतं.

"खरं सांगा."

"जबड्यात कुणी धरून ठेवल्यासारखं व्हायलंय. पाठीत पण. आन मळमळायलंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "वरण व्हायचंय अजून. मला थोडं बसू दे."

मी संकर्षणला हलवून उठवलं. तो वीज खात्यात इंजिनिअर आहे. आख्ख्या गावाची लाईट वडिलांना न विचारता घालवतो, बाकी सगळं विचारून करतो. डोळे चोळत म्हणाला, "अण्णांना बोलावू का?"

अण्णा म्हणजे मामा. ते वही घेऊनच आले. सोवळं नेसलेले, चष्मा नाकावर. उंबऱ्याच्या पलीकडे आत्यांच्या समोर उभे राहिले आणि चौकशी सुरू केली. मी तिथंच उभी होते, म्हणून शब्द न शब्द सांगू शकते.

"दुखणं छातीच्या मधोमध हाय का डावीकडं?"

"पाठीत."

"पाठीत म्हणजे हार्ट न्हाई." वहीत खूण झाली. "डावा हात दुखायलाय?"

"दोन्ही खांदे जड झालेत."

"दोन्ही म्हणजे कामाचं. काल पाणी भरलीस तू." दुसरी खूण. "मुठीनं छाती दाबून धरावीशी वाटायलीय का? मला वाटतीय तशी?"

"तसं न्हाई वाटायलं."

"बघ." मामांना हायसं वाटलेलं दिसलं. अकरा अटॅकचा अनुभव असलेल्या माणसासमोर हिचं दुखणं अगदीच नवशिकं होतं. "आता सांग, जेवणानंतर किती वेळानं सुरू झालं?"

आत्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "जेवण म्हणजे... परवा दुपारी बाराला जेवले."

मामांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. तक्त्यात अर्धा तास, एक तास, दोन तास एवढंच होतं. मग त्यांनी विचारलं, "परवा काय केलं होतंस?"

"भात. वरण. दोडक्याची भाजी."

"दोडका." मामांनी चष्मा काढला. "दोडका बाधलाय. अजीर्ण."

आणि शेऱ्याच्या रकान्यात 'अजीर्ण (दोडका)' असं लिहिलं. एक्केचाळीस तास पोटात अन्नाचा कण नसलेल्या बाईला अजीर्ण झाल्याची ती जगातली पहिलीच नोंद असावी. संकर्षणनं "थोडं हिंग-पाणी...?" असं काहीतरी म्हटलं. मामांनी त्याच्याकडे बघितलं. नैवेद्याआधी पाणी? त्याला स्वतःलाच लाज वाटली.

मी मागच्या खोलीत जाऊन प्रेरणाला फोन लावला.

प्रेरणा माझी जुनी विद्यार्थिनी. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मारोती आणि इंदिराबाईंची मुलगी, इथल्याच सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांचं घर बौद्ध. आमच्याकडे जातपात कुणी मानत नाही, असं मामा चारचौघांत सांगतात, आणि ते खोटं आहे असं मला म्हणता येणार नाही. प्रेरणासाठी व्हरांड्यात एक प्लास्टिकची खुर्ची आहे. मामांचा बीपी तपासायला ती महिन्यातून दोनदा येते, त्या खुर्चीवर बसते, मामा बाहेर येऊन हात पुढे करतात. ती गेल्यावर खुर्चीवर पाणी पडतं. झाडांना घालताना पडतं, असं म्हणायचं.

तिची रात्रपाळी संपत आली होती. वीस मिनिटांत ती आली, हेल्मेट हातात, पर्स खांद्याला. मामा दिवाणखान्यातून म्हणाले, "बस, प्रेरणा, बस. चहा सात बावीसनंतर होईल बघ. आज द्वादशी."

ती बसली नाही. दारातूनच मला दोनचार गोष्टी विचारल्या. घाम किती वेळ झाला, दम लागतो का, उलटी झाली का, शुगर आहे का. मग शेवटचं जेवण कधी ते विचारलं.

"परवा दुपारी."

"मग अजीर्ण कशाचं व्हायलंय, मॅडम? पोटात काई असल्याबिगर?"

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या चौथ्या बाकावरच्या पोराला पडला असता. पण आमच्या घरात, दोन पदवीधर आणि एक शिरस्तेदार असून, तो व्हरांड्यातून आत यावा लागला.

"मला आजींची नाडी बघावी लागंल," प्रेरणा म्हणाली.

मामा म्हणाले, "ती सोवळ्यात हाय गं. नैवेद्य झाला की येईल बाहेर. तास-दीड तासाचा तर प्रश्न हाय."

"काका, ह्याच्यात जे व्हायचंय ते तासातच होतंय." तिनं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "ही रक्त पातळ करायची, आत्ता चावून खायची. मग गाडीत बसायचं. दवाखान्यात पट्टी काढू. हार्ट नसलं तर मी स्वतः आजींना परत आणून सोडते."

आतून आत्यांचा आवाज आला. दम लागल्यामुळे तुटक तुटक. "नैवेद्य दाखवल्याबिगर... तोंडात काई घालत न्हाई मी, बाळ. थांब थोडं."

इथं मला कुणावर तरी सगळा दोष टाकता आला असता तर बरं वाटलं असतं. मामांवर टाकायची सवय आहेच. पण त्या क्षणी आत्यांना वाचवायच्या आड स्वतः आत्याच उभ्या होत्या, सत्तेचाळीस वर्षांचा नेम घेऊन. संकर्षण एकदा पंचांगाकडे, एकदा घड्याळाकडे बघत होता. मामा 'देवाचं पण असतं काहीतरी' असं पुटपुटत होते. प्रेरणा व्हरांड्याच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, मी आत येऊ, का तुम्ही जायलात?"

मी तिच्या हातातून गोळी घेतली आणि उंबरा ओलांडला. मागे मामा "अगं! अगं! शिवू नकोस!" करत होते. मी आत्यांचा हात धरला. गार आणि ओला होता. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता, हेही तेव्हाच लक्षात आलं.

"बाटवलंस की गं," आत्या म्हणाल्या.

"व्हय, बाटवलं. चावा आता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांच्या डोळ्यांत सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी तोंड उघडलं, गोळी चावली आणि म्हणाल्या, "कडू हाय."

माझ्यामागून प्रेरणा आत आली. तिच्या घरातलं कुणी त्या स्वयंपाकघरात याआधी कधी आलं नव्हतं. तिनं देवांकडे, ताटांकडे, कशाकडेच बघितलं नाही. मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघत राहिली, मग म्हणाली, "गाडी."

काशप्पा दोन मिनिटांत आला. द्वादशी आणि अच्युतरावांचं घर, एवढ्यावरच तो काय ते समजला होता. फक्त वेळ चुकलेली दिसत होती, कारण अजून सहा पण वाजले नव्हते. त्यानं दार उघडलं, मागच्या सीटवर उशी ठेवली आणि सरळ जाऊन मामांचा दंड धरला.

"साहेब, सावकाश. घाबरू नका. आज जरा लौकरच आलाय."

"मला न्हाई रे," मामा म्हणाले.

"मग कुणाला?"

मामांनी आत बोट दाखवलं. काशप्पा बघतच राहिला. "अक्कांना? अक्कांना कसा काय?" हा प्रश्न त्यानं इतका मनापासून विचारला की मला त्याचा राग आला नाही. चिटगुप्प्यात कुणालाही विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते. बायकांना कुठं येतो?

दवाखान्यात पट्टी काढली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ती एकदाच बघितली, फोटो काढून गुलबर्ग्याला पाठवला. कागदोपत्री ते कलबुर्गी झालं, आमच्या तोंडी गुलबर्गाच आहे. तिकडून दोन मिनिटांत फोन आला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथंच द्या आणि लगेच पाठवा. मामा काचेतून पट्टीकडे बघत होते. त्यांच्या फाईलमधल्या अकरा पट्ट्यांवरच्या रेषा सरळ आणि गरीब होत्या. ह्या पट्टीवर रेषा उभीच्या उभी चढून वर बसली होती. ते मला म्हणाले, "अशी असतीय व्हय ती?"

त्यांचा आवाज लहान झाला होता.

अँब्युलन्समध्ये आत्या, प्रेरणा आणि मी. प्रेरणाची पाळी संपलेली होती, तरी ती बसली. मागून काशप्पाच्या गाडीत संकर्षण आणि मामा. संकर्षणनं नंतर सांगितलं, हुमनाबाद सोडलं तेव्हा सात बावीस झाले. मामांनी घड्याळ बघितलं, काच खाली केली, परत वर केली. दुपारी दोनपर्यंत त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नाही. त्या द्वादशीला मामांना हार्ट अटॅक आला नाही.

गुलबर्ग्यात आत्यांच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना उशीला टेकून बसवलं. चेहरा उतरलेला होता, पण बोलत होत्या. नर्सला विचारत होत्या की तिला मुलं किती. मामा स्टुलावर, मी पायाशी उभी. तिथले डॉक्टर आले. कन्नड माणूस, आत्यांशी मोडक्या मराठीत बोलायचे.

"अज्जी, त्रास कधी सुरू झाला?"

मामा उठून उभे राहिले. "द्वादशीला पहाटे पाच वाजता. नोंद हाय माझ्याकडं."

डॉक्टर कागद चाळत होते. "तसं दिसत नाही. रक्त बघून वाटतं, आदल्या दिवशीच सुरू झाला असेल. हृदयाचा बराच भाग आधीच गेला होता. अज्जी, आदल्या दिवशी काय झालं होतं का?"

"जरासं पाठीत भरून आलं होतं," आत्या म्हणाल्या.

"घरात कुणाला सांगितलं होतं?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. "न्हाई. कुणालाच न्हाई."

एकादशीला दुपारी मी दिवाणखान्यात दहावीचे पेपर तपासत होते. हृदयाची आकृती काढून नावं द्या, चार गुण. आत्या येऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भार्गवी, पाठीत भरून आलंय गं, आन दम पण लागायलाय. मी मान वर केली नाही. म्हटलं, गॅस असेल, ओवा चावा. त्या म्हणाल्या, आज एकादशी हाय, ओवा कसा चावू? मी म्हटलं, मग उद्या चावा. त्या हसल्या. मीही हसले. मी एका मुलीनं डावा आणि उजवा कप्पा उलटे लिहिले होते त्याचा एक गुण कापला, आणि आत्या दुसऱ्या दिवशीसाठी हादग्याचा पाला खुडायला अंगणात गेल्या.

मामांची वही, सोवळं, संकर्षणचं पंचांग, काशप्पाचं उघडलेलं दार, हे सगळं मी इथवर मोठ्या चवीनं सांगत आले. त्या सगळ्यांच्या चौदा तास आधी मी होते. विज्ञान शिकवणारी. मला शरम वाटते, आणि ती जायची नाही.

मी म्हटलं, "सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. एकादशीला, दुपारी तीन वाजता."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बोटांवर तास मोजले. मामांना म्हणाले की आता एवढंच हृदय आहे, ते जपून वापरायचं. जिना नाही, जड उचलायचं नाही, उपास नाही, गोळ्या रोज. गेलेला भाग परत येत नाही.

ते गेल्यावर आत्यांनी मला जवळ बोलावलं. सुई लावलेला हात उचलवत नव्हता, म्हणून दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं.

"कामून सांगितलंस गं त्यांना?" त्या म्हणाल्या. "तू कामात होतीस."